सहा मायक्रोबिट, चाळीस मुलं आणि मातीतले दोन खिळे

प्रश्न थोडक्यात असा: "यवतमाळ जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. संगणक हा माझा विषय नाही. शाळेला देणगीतून सहा मायक्रोबिट (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड) मिळालेत, लॅपटॉप दोनच चालतात, एका वर्गात चाळीस मुलं. स्क्रॅचमध्ये (ब्लॉक जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत) मांजर नाचवून झाली. मुलं व्हिडिओ पाहून ब्लॉक जसेच्या तसे लावतात, पण एक ब्लॉक हलला की अडतात. प्रदर्शनासाठी मातीचा ओलावा सांगणारं यंत्र करायला घेतलं, तर आकडे रोज वेगळे येतात. ब्लॉकवरचं इंग्रजी मुलांना जड जातं. मायक्रोबिटच ठेवू की आर्डुइनो हा दुसरा बोर्ड मागवू? आणि मुलं खरंच काही शिकली की नुसतं खेळली, हे ओळखायचं कसं?"

मॅडम, तुमच्या प्रश्नातलं कामाचं वाक्य 'एक ब्लॉक हलला की अडतात' हे आहे. लॅपटॉप दोन आहेत की वीस, याने त्यात काडीचा फरक पडत नाही. वीस लॅपटॉपवाल्या शहरी शाळांतही हेच होताना मी पाहिलं आहे, उलट तिथे जास्तच, कारण प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे नक्कल करायची सोय असते. व्हिडिओ पाहून ब्लॉक जोडताना डोळे आणि हात कामाला लागतात, डोकं मात्र बाजूला बसून राहतं. म्हणून पहिला नियम असा करा, की अंदाज लिहिल्याशिवाय प्रोग्राम चालवायचा नाही. वहीत एक ओळ पुरे: 'बटण अ दाबलं की तीनदा हृदय दिसेल आणि मग स्क्रीन कोरी होईल.' मग चालवायचा. अंदाज चुकला तर तासाचं खरं काम तिथून सुरू होतं. बरोबर आला तर पुढच्या गटाची पाळी.

चाळीस मुलांचं गणितही यातच बसतं. तिघा-तिघांचे गट पाडा. एक सांगणार, एक जोडणार, एक लिहिणार. सांगणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही आणि जोडणाऱ्याने मनाने काही जोडायचं नाही. दर दहा मिनिटांनी भूमिका बदला, नाहीतर वर्गातला हुशार पोरगा तासभर माऊस सोडत नाही आणि मुलींच्या वाट्याला कायम वही येते. हे आपोआप घडतं, मुद्दाम मोडावं लागतं.

दोन गट लॅपटॉपवर असताना बाकीचे कागदावर. घरोघरी पडून असलेल्या लग्नपत्रिका गोळा करा, त्यांचा जाड कागद यासाठी फार चांगला. त्यातून ब्लॉक कापायचे: 'पुन्हा कर', 'जर… तर… नाहीतर', 'थांब', 'दाखव', 'वाच'. पट्ट्या बाकावर मांडून प्रोग्राम तयार होतो, आणि मशीन व्हायचं तुम्ही. मुलांनी मांडलं असेल तेच करायचं, त्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचं नाही. 'पुढे चाल' असं लिहिलं आणि 'थांब' लिहायचं राहिलं, तर भिंतीला नाक लागेपर्यंत चालत राहायचं. मुलांना हे जाम आवडतं आणि संगणक किती शब्दशः ऐकतो हे एका तासात कळतं.

आता कागदावर सोडवायला काय द्यायचं? आपल्याकडे सगळ्यात चांगलं उदाहरण शेतातलाच 'ऑटो' आहे. रात्री लाइन आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारी ती डबी बहुतेक पोरांनी पाहिलेली असते. गटांना सांगा, ऑटोच्या डोक्यात काय चालतं ते लिहा. पहिलं उत्तर ठरलेलं: 'लाइन आली की मोटार चालू.' मग तुम्ही विचारा, दोनच फेज आले तर? एखादा लगेच सांगतो, मोटार जळते, आमची जळली होती. म्हणजे आधी तिन्ही फेज तपासायचे. लाइन येऊन-जाऊन करत असेल तर? थोडं थांबून मग सुरू करायची. विहीर कोरडी असेल तर? मोटार कोरडी चालू द्यायची नाही, बंद करायची. अर्ध्या तासात फळ्यावर तीन अटी, एक 'थांब' आणि एक 'सतत तपासत राहा' उभं राहतं. अटी, त्यांचा क्रम, अपवाद, सतत चालणारं चक्र, सगळं मुलांच्याच तोंडून आलेलं असतं.

चक्रात चक्र समजवायचं असेल तर कपाशीची टोबणी घ्या. फुलीवर (उभ्या-आडव्या रेघा छेदतात तिथे) लावायची असेल तर हुकूम असा होतो: प्रत्येक ओळीसाठी, ओळीतल्या प्रत्येक फुलीवर, दोन बिया टाक. पाच ओळी, प्रत्येकी आठ फुल्या, तर बिया किती? ऐंशी. मग चार फूट बाय दोन फूट अंतर धरून एकराला फुल्या किती ते काढायला लावा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, भागिले ८, म्हणजे ५,४४५. सातवीतल्या मुलांना हे गणित पुस्तकातल्यापेक्षा लवकर येतं, आणि आतलं चक्र पूर्ण झाल्याशिवाय बाहेरचं पुढे सरकत नाही हे पायाने चालून कळतं. पटांगणावर चुन्याने फुल्या आखा आणि खडे टाकायला लावा.

यात नवीन काही नाही, म्हणून घाबरू नका. सीमोर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंगची भाषा १९६७ मध्ये केली, जेनेट विंग यांच्या २००६ च्या लेखानंतर 'संगणकीय विचार' हा शब्द शाळांमध्ये रुळला, स्क्रॅच एमआयटीतून २००७ मध्ये आलं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या टप्प्यात कोडिंगचे उपक्रम सांगितले आहेत. हाताने काम करत शिकण्याचं म्हणाल तर १९३७ ची नई तालीमची परिषद आपल्या वर्ध्यातच भरली होती. केंद्रप्रमुखांनी 'हे अभ्यासक्रमात कुठे आहे' असं विचारलं तर सांगायला एवढं पुरे.

इंग्रजीचा बाऊ करू नका. मुलं ब्लॉक रंगाने आणि आकाराने ओळखतात. भिंतीवर वीसेक ब्लॉकचा तक्ता लावा, समोर मराठीत अर्थ, बस. स्क्रॅचमध्ये चलांची (आकडा साठवायच्या डब्यांची) नावं आणि पात्रांचे संवाद देवनागरीत चालतात, तेव्हा चलाला 'ओलावा', 'बेरीज' अशीच नावं द्यायला लावा. मायक्रोबिटवर मात्र सरकती अक्षरं देवनागरीत दिसत नाहीत. तिथे पाच बाय पाच एलईडीच्या जाळीवर मुलं स्वतः चित्र काढतात. पंचवीस ठिपक्यांत 'म' बसवता येतो का, यावर आमच्या एका वर्गात दोन गट भांडले होते.

आता तुमचा ओलाव्याचा प्रकल्प. यावर सविस्तर लिहितो, कारण हा प्रकल्प नीट केला तर वर्षभर दुसरं काही करायची गरज नाही. आणि वाईट केला तर थर्माकोलवर रंगवलेलं हिरवं शेत तेवढं उरतं.

आकडे रोज वेगळे येण्याची कारणं जोडणीत असतात, मातीत असतात आणि प्रोग्राममध्येही असतात. ती वेगळी करणं हेच मुलांचं काम. जोडणीपासून सुरू करा. बहुतेक व्हिडिओत एक खिळा ३ व्होल्टला आणि दुसरा पिन ० ला (बोर्डाच्या कडेच्या, आकडा वाचणाऱ्या टोकाला) जोडतात. यात दोन भानगडी आहेत. माती कोरडी झाली की पिन ० अधांतरी राहते, आणि मग हात जवळ नेला तरी आकडा हलू शकतो. त्यासाठी पिन ० आणि जीएनडी (बोर्डाचं शून्य व्होल्टचं टोक) यांच्यामध्ये १० हजार ओहमचा रेझिस्टर लावा. मग कोरड्या मातीत आकडा शून्याकडे जातो, ओल्यात वर चढतो. दुसरी भानगड म्हणजे खिळ्यांतून सतत वीज गेली की धनाकडचा खिळा काही दिवसांत खाल्ला जातो. म्हणून तो खिळा ३ व्होल्टऐवजी पिन १ ला जोडा. प्रोग्राममध्ये पिन १ चालू करा, सेकंदाचा दहावा भाग थांबा, पिन ० वाचा, पिन १ बंद करा, मग बराच वेळ गप्प बसा. एक जोडी खिळे सतत चालू ठेवून आणि एक जोडी अशी, दोन्ही आठवडाभर शेजारी-शेजारी पुरून ठेवा. उपटून पाहिल्यावर विद्युत अपघटनाचा धडा वेगळा शिकवावा लागणार नाही.

मातीचं म्हणाल तर आपली भारी काळी माती या यंत्राची परीक्षा पाहते. ती वाळली की आकसते, भेगा पडतात आणि खिळ्याभोवती पोकळी होते. माती अजून ओली असूनही आकडा धाडकन पडतो, कारण खिळ्याला मातीच लागत नाही. उलट खत टाकलं की क्षार वाढतात, वीज सहज वाहते आणि यंत्र म्हणतं भरपूर ओल आहे. हे दोन्ही मुलांना सांगू नका. एका कुंडीत साधं पाणी, दुसरीत तेवढ्याच पाण्यात चिमूटभर मीठ घालून टाकायला लावा आणि आकडे लिहू द्या.

मग प्रोग्राम. एकेका वाचनावर भरवसा नको, पाच वाचनांची सरासरी घ्या असं सांगितलं की मुलं 'बेरीज' नावाचं चल करतात, पाच वेळा चक्र फिरवतात, प्रत्येक वाचन बेरजेत मिळवतात आणि पाचने भागतात. इथे जवळजवळ प्रत्येक गट एका ठरावीक खड्ड्यात पडतो. त्यांना पडू द्या. स्क्रीनवर पहिल्यांदा ४०० येतं, मग ८००, मग १२००. एका शाळेत एक मुलगी ओरडली होती, "काहून वाढून राहिलं हे? मी तं पाणीबी नाई टाकलं!" गटातले बाकीचे खिळे हलवायला धावले, एकाने माती बदलली. मी विचारलं, पिनवरून जास्तीत जास्त किती आकडा येऊ शकतो? भिंतीवरच्या तक्त्यावर लिहिलं होतं: ० ते १०२३. ती थांबली, १२०० कडे पाहिलं आणि म्हणाली, मग हे मातीतून आलंच नाही. तिथून पुढे दोन मिनिटांत सापडलं, की बेरीज दर फेरीला शून्य करायची राहिली आहे. 'बेरीज ० कर' हा ब्लॉक अगदी सुरुवातीला एकदाच लावला होता, तो कायम चालणाऱ्या चक्राच्या आत, पाचच्या चक्राच्या आधी हवा होता. चूक मातीत आहे, तारेत आहे की हुकमात, हे पुराव्याने ठरवता येणं मला त्या सगळ्या प्रकल्पाहून मोठं वाटतं. म्हणून अशा वेळी बोट दाखवून ब्लॉक जागेवर लावून देऊ नका. हात मागे बांधून उभं राहायचं आणि 'जास्तीत जास्त किती?' एवढंच विचारायचं.

यानंतर येतो उंबरठ्याचा आकडा. किती खाली गेलं की 'पाणी द्या' म्हणायचं? व्हिडिओतला आकडा तुमच्या मातीला लागू नाही. घरच्या आजोबांना कुंडीपाशी आणा. त्यांना माती मुठीत दाबून सांगू द्या, 'आता पाणी पाहिजे'. त्या क्षणी यंत्रावर काय आहे ते मुलांनी लिहायचं. चार घरचे आजोबा-आज्या आणले तर चार आकडे येतील, त्यावर वर्गात वाद होऊ द्या. जोडीला वजनाची पद्धत आहे. १०० ग्रॅम ओली माती किराणा दुकानातल्या काट्यावर तोला, कडक उन्हात पसरून पुरती वाळवा, परत तोला. ७८ ग्रॅम भरली तर पाणी २२ ग्रॅम, म्हणजे वाळल्या मातीच्या वजनावर सुमारे २८ टक्के. प्रयोगशाळेत भट्टीत वाळवतात, उन्हात थोडं पाणी मागे राहतं, पण आपल्या कामाला चालतं. अशी पाच-सहा वाचनं आलेखावर मांडली की आकड्याला अर्थ येतो.

समजा ४०० ठरलं, आणि त्याखाली गेलं की बझर (छोटा भोंगा) वाजव असं लिहिलं. आता बझर वाजू लागेल तो तुटक-तुटक, कारण वाचन ३९८, ४०३, ३९९ असं नाचतं. मुलं म्हणतील बझर खराब आहे. त्यांना परत ऑटोकडे न्या, लाइन येऊन-जाऊन करते तेव्हा काय ठरवलं होतं? थोड्या धक्क्याने कोणीतरी दोन आकड्यांपर्यंत पोहोचतं: ३५० च्या खाली गेलं तर वाजव, ४५० च्या वर गेलं तरच बंद कर. आणि मधे असेल तर? काहीच करू नको, आधी होतं तसंच राहू दे. हे 'काहीच करू नको' मुलांना सगळ्यात अवघड जातं. 'नाहीतर'ची रिकामी जागा दिसली की तिथे काहीतरी भरायचा मोह होतो. ज्या गटाने ती जागा काढून टाकून दोन वेगळे 'जर' केले, त्याला विषय कळला असं समजा.

एक गोष्ट मात्र निक्षून. हे यंत्र चाललं की पोरं म्हणतील, रिले (विजेने चालणारा स्विच) लावून खरी मोटार चालू करू. नाही. शाळेत २३० व्होल्टला हात लावायचा नाही, शेतातल्या थ्री-फेजचं तर नावच नको, आणि घरी करून पाहायचं नाही हे पालकांनाही सांगून ठेवा. मोटारीच्या जागी एलईडी पुरतो. खेळण्यातली छोटी मोटार लावायची असेल तरी ती थेट पिनवर नको, पिनमधून तेवढा प्रवाह मिळत नाही. मधे ट्रान्झिस्टर आणि मोटारीला वेगळे सेल.

आर्डुइनो आत्ता मागवू नका. ऊनो उत्तम बोर्ड आहे, दहावीनंतरच्या मुलांना मी तोच देतो. पण त्याला ब्रेडबोर्ड (तारा खोचायची पाटी), सुट्या तारा, एलईडी, बटणं सगळं बाहेरून जोडावं लागतं आणि चाळीस मुलांत निम्मा तास निसटलेल्या तारा शोधण्यात जातो. स्वस्तातल्या बोर्डांना बरेचदा सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. मायक्रोबिटवर दोन बटणं, पंचवीस एलईडी, हालचाल आणि दिशा ओळखणारे सेन्सर आधीच आहेत, २०२० नंतरच्या दुसऱ्या आवृत्तीत माइक आणि स्पीकरही. त्यातलं तापमान मात्र चिपचं असतं, हवेचं नाही. भिंतीवरच्या तापमापकाशेजारी ठेवून फरक काढायला लावा, तासाभराचं छान काम आहे. पुढेमागे आर्डुइनो आणलात तर त्याचे ५ व्होल्टवाले सेन्सर मायक्रोबिटच्या पिनला जोडू नका, तो ३ व्होल्टचा आहे.

लाइनचं रडगाणं सगळीकडेच आहे. लाइन असताना प्रोग्राम बोर्डात टाकून घ्या, मग तो दोन लहान ट्रिपल-ए सेलवर चालतो आणि सेल काढले तरी आत राहतो. बोर्ड जोडल्यावर लॅपटॉपवर 'मायक्रोबिट' नावाचा ड्राइव्ह दिसला नाही तर बोर्ड बिघडला असं लगेच समजू नका, आधी केबल बदला. मोबाइलच्या बऱ्याच केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जातच नाही. चांगल्या दोन केबलला लाल धागा बांधून त्या कपाटात कुलपात ठेवा. लॅपटॉप अडला तर अँड्रॉइड फोनवरच्या मायक्रोबिट अॅपमधून ब्लूटूथने प्रोग्राम टाकता येतो. जोडणीसाठी ए आणि बी दोन्ही बटणं दाबून धरायची आणि मागचं रीसेट एकदा दाबून सोडायचं. मेककोड (मायक्रोबिटचे ब्लॉक जोडायचं सॉफ्टवेअर) विंडोजवर अॅप म्हणून उतरवून ठेवलं तर दर वेळी नेट लागत नाही. आणि बोर्ड नसतानाही त्याच्या पडद्यावरचा नकली मायक्रोबिट बटणांसकट चालतो.

मुलं शिकली का, हे तपासायला व्याख्या विचारू नका. फळ्यावर न पाहिलेला प्रोग्राम लिहा: चार वेळा, हृदय दाखव, अर्धा सेकंद थांब, स्क्रीन पूस, अर्धा सेकंद थांब. किती वेळ लागेल? हिशेबाने चार सेकंद. मग घड्याळ लावून चालवा, सहाच्या वर जातात. का? 'शो आयकन' हा ब्लॉक चित्र दाखवून स्वतःच अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त थांबतो. ज्या मुलाने 'घड्याळ चुकलं' न म्हणता एकेक ब्लॉक वेगळा काढून मोजायला घेतला, त्याला पैकीच्या पैकी. दुसरी परीक्षा, चालत्या प्रोग्राममध्ये तुम्ही एक चूक पेरा आणि शोधायला द्या. तिसरी, गरज बदला: बझर रात्री वाजायला नको. उजेडाचं वाचन घेऊन अट वाढवता आली पाहिजे, सगळं पुसून नव्याने मांडून नव्हे.

प्रदर्शनाचं शेवटचं. तयार किट विकत आणून 'स्मार्ट व्हिलेज' मांडणारे शेजारच्या टेबलावर असतीलच, त्यांचे दिवे जास्त लुकलुकतील. तुम्ही टेबलावर दोन कुंड्या, गंजलेले आणि न गंजलेले खिळे, आजोबांच्या आकड्यांचा तक्ता आणि अंदाजाची वही ठेवा. परीक्षकांनी विचारायच्या आधी मुलांनीच म्हणावं, 'सर, ३५० चा आकडा बदलून सांगा, काय होईल ते आम्ही आधी सांगतो.' तालीम करायची असेल तर भाषणाची नको, याची करा. आणि सेलचा एक जास्तीचा जोड दप्तरात असू द्या.